शेतकऱ्याच्या रानात निवडलेला मका

'दुष्काळात तगणारा मका फक्त संशोधन केंद्रातच तयार होतो. शेतकऱ्यांना सोबत घेऊन वाण काढणं ही नुसती भावना, त्यातून उत्पन्न वाढत नाही. आणि घरचं बी धरलं की मका बिघडतोच.' असा मजकूर शेतीच्या गटांमधून सारखा फिरतो. तो वाचून कोरडवाहू शेतकऱ्याचा स्वतःच्या नजरेवरचा विश्वास उडू नये, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

शेतकऱ्याला वाणातलं काय कळतं? गुजरातच्या पंचमहाल जिल्ह्यात १९९३ पासून शेतकऱ्यांना मक्याचे वेगवेगळे वाण त्यांच्याच रानात पेरून पाहायला दिले गेले. एकही फारसा पसंत पडला नाही. उत्तर प्रदेशातला 'श्वेता' तेवढा सुपीक जमिनीवाल्यांनी ठेवून घेतला. अशा वेळी 'लोक नवं स्वीकारत नाहीत' असा शेरा मारून काम संपवलं जातं. इथे नवे वाण काढणाऱ्या पैदासकारांनी तो नकारच कामाचा मानला. त्यात वेल्समधल्या बँगर विद्यापीठाचे जॉन विटकोम्ब होते. १९९४ मध्ये पिवळ्या आणि पांढऱ्या दाण्याच्या वाणांचा संकर झाला. पुढच्या पिढ्यांत शेतकऱ्यांना हवे असलेले गुण बघून झाडं निवडली गेली, काही पिढ्यांत तर शेतकऱ्यांनी स्वतःच निवडली. शेतकऱ्यांनी ही निवड ज्या जमिनीवर केली ती एका शेतकऱ्याकडून भाड्याने घेतली होती आणि तिला खत संशोधन केंद्रातल्यापेक्षा कमी दिलं होतं. मला या सगळ्या कामात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. भरपूर खतपाण्यावर निवडलेलं झाड हलक्या रानात तसंच वागेल याची खात्री नसते.

उत्पन्न वाढत नाही म्हणता? या कामातून आलेला एक वाण 'गुजरात मकाई-६' या नावाने राज्याच्या डोंगराळ भागासाठी अधिकृतपणे प्रसारित झाला. केंद्रातल्या चाचण्यांत त्याने स्थानिक वाणापेक्षा १८ टक्के जास्त उत्पन्न दिलं. शेतकऱ्यांच्या रानात एकूण उत्पन्न कमी होतं, तिथे ही वाढ २८ टक्के भरली. शिवाय कणसाला केस ७ दिवस आधी आले. मक्याचा तुरा वर आणि कणीस खाली असतं; तुऱ्यातले परागकण कणसाच्या केसांवर पडले तरच दाणे भरतात. ऐन फुलोऱ्यात ताण बसला की केस उशिरा बाहेर पडतात, तोवर तुऱ्यातले परागकण झडून जातात आणि कणीस अर्धं बोडकं राहतं. पाऊस लवकर उघडणाऱ्या भागात ७ दिवस आधी फुलोरा येणं म्हणजे ती वेळ ओल असतानाच गाठणं.

पाण्याची सोय असेल, खत देता येत असेल, तर चांगला संकरित वाण जास्त देतो, हे खरंच आहे. पण तो सल्ला मुरमाड उतारावरच्या रानाला लावू नका. नंदुरबारच्या सातपुड्यात मक्याची भाकरी खाल्ली जाते; कोंबडीखाद्यासाठी पिकवल्या जाणाऱ्या मक्याच्या मापाने तिथलं बी ठरवणं मला पटत नाही.

घरच्या बियाण्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे. संकरित मक्याचं बी पुन्हा पेरलं तर झाडं एकसारखी येत नाहीत आणि उत्पन्न घटतं. गुजरात मकाई-६ ची सुरुवात संकराने झाली, पण पुढे पिढ्यान्पिढ्या निवड होऊन तो तयार झाला; तो बाजारातल्यासारखा संकरित वाण नाही. अशा वाणाचं बी धरता येतं, फक्त मका परपरागित असल्यामुळे शेजारच्या रानातले परागकण वाऱ्याने येतात. म्हणून बियाण्याचा तुकडा दुसऱ्या मक्यापासून किमान २०० मीटर लांब ठेवावा, बांधाकडच्या ओळी सोडून मधल्या झाडांची कणसं घ्यावीत, आणि दोन-चार टपोऱ्या कणसांवर न थांबता निदान शंभरेक निरोगी झाडांचे दाणे एकत्र करावेत. झाडं तुरा-केसांवर असतानाच खुणेला दोरा बांधून ठेवावा. कोणाचे केस वेळेवर आले, हे काढणीनंतर कणसाकडे बघून कळत नाही.