तुम्ही कोणत्या पार्टीचे?

यवतमाळकडच्या आमच्या गावात सरकारविषयी एक वाक्य बोलावे, की पानठेल्यावरचा कोणीतरी हमखास विचारतो, ‘भाऊ, तुम्ही कोणत्या पार्टीचे?’ माझे म्हणणे एवढेच, की दर चार महिन्यांनी खात्यात 2,000 रुपये टाकून उपकाराचा आव आणणाऱ्या सरकारने कापसाच्या बाजारात उगाच हात घालू नये. 2025 च्या ऑगस्टमध्ये, आमची बोंडे फुटायच्या आधीच, आयातीवरचे 11 टक्के शुल्क माफ करून टाकले आणि वर आम्हालाच हमीभावाच्या रांगेत उभे केले. जे खरोखर सरकारचे काम, तो शेतात जायचा पांदण रस्ता मात्र तसाच आहे आणि पावसाळ्यात त्यात बैलबंडी आसापर्यंत रुतते. यात पार्टी कुठून आली? (विचारणाऱ्याची बंडीही तिथेच रुतली होती, ढकलायला मीच गेलो होतो.)