कोल्हापूरचे चित्ते दाजीपूरचे नव्हते

आमच्या तालमीच्या ग्रुपवर एक जुना फोटो सारखा फिरून येतो. संस्थानकाळातला, दोरीला धरलेला चित्ता, शेजारी त्याला शिकारीसाठी सांभाळणारा फेटेवाला चित्तेवान. खाली मजकूर: ‘छत्रपतींनी दाजीपूरच्या जंगलातून चित्त्याची पिल्लं आणून कुत्र्यासारखी पाळली. देशातला शेवटचा चित्ता 1952 साली मारला. आफ्रिकेचा चित्ता भारतात आला तो थेट 2022 मध्ये.’ फोटो झकास आहे. मजकुराचं बघूया.

दाजीपूर हे गव्यांचं रान. धो धो पाऊस, दाट झाडी. तिथं चित्ता पळणार कुठं? त्याला काळविटाचा उघडा माळ लागतो. शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज यांच्या काळात इथले चित्ते आफ्रिकेतून आणलेले होते. देशी चित्ता मिळेनासा झाल्यावर कोल्हापूर, भावनगर या संस्थानांनी ती वाट धरली. त्यामुळं 2022 ला नामिबियाचे आठ मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात आले, ते ‘पहिले’ नव्हेत. रानात सोडायला आणलेले पहिले म्हणा, हरकत नाही.

पिल्लांची गोष्ट तर उलटीच. शिकार आई शिकवते, पिल्लू दीडेक वर्ष तिच्यामागं हिंडतं. माणसाला ते शिकवणं जमत नाही, म्हणून धरायचा तो जाणता चित्ता. चित्तेवान त्याला फक्त माणसाची सवय लावायचा. डोळ्यांवर टोपी घालून गाडीतून माळावर न्यायचं, काळवीट टप्प्यात आलं की टोपी काढायची. चार-पाचशे मीटरांत साधलं तर साधलं, नाहीतर गडी धापा टाकत बसला! आणि पाळलेला चित्ता सहसा वीतच नसे. जहांगीराच्या पदरचा एक नर गळपट्टा सोडवून मादीकडं गेला, तिला तीन पिल्लं झाली. बादशहानं ते नवल म्हणून आत्मचरित्रात नोंदवलं. त्यानंतर प्राणिसंग्रहालयात चित्त्याला पिल्लं झाल्याची नोंद सापडते ती 1956 ची, फिलाडेल्फियाची.

1952 हे साल सरकारनं चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर केल्याचं. शेवटचे मानले जाणारे तिघे 1947 मध्येच, आजच्या छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानच्या राजानं मारले.

‘कुत्र्यासारखा’ हा शब्द मात्र मी ठेवीन. नखं कुत्र्यासारखीच बाहेर दिसतात, मांजरासारखी पूर्ण आत जात नाहीत. फक्त आवाज मांजराचा: डरकाळी नाही, खूश झाला की घुरघुरतो.