कार्ड दाखवून गोळ्या मिळत नाहीत

गेले काही आठवडे पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, सरकार आरोग्यावर पाण्यासारखा पैसा ओतते, तरी सरकारी दवाखाने पांढरे हत्तीच राहिले. तेव्हा ते बंद करावेत, त्यांच्या मोक्याच्या जागा विकाव्यात आणि प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांचे विमा कार्ड द्यावे. म्हणजे खासगी रुग्णालये स्पर्धेने स्वस्त होतील, परदेशातही असेच चालते. सरकारी रुग्णालयाच्या रांगेत एकदा तरी ताटकळलेल्या माणसाला हे पटकन पटते, आणि म्हणूनच त्यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

पहिला मुद्दा पाण्यासारख्या ओतलेल्या पैशाचा. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2021-22 मध्ये केंद्र आणि राज्ये मिळून आरोग्यावर झालेला सरकारी खर्च देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) 1.84 टक्के होता, आणि तेही कोविडचे वर्ष; त्याच्या दोनच वर्षे आधी तो 1.35 टक्के होता. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत 2.5 टक्के गाठण्याचे आणि त्यातला किमान दोन तृतीयांश भाग प्राथमिक सेवांवर खर्च करण्याचे ठरवले होते. एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या स्वतःच्या खिशातून जाणाऱ्या खर्चाचे प्रमाण 2013-14 मधील 64.2 टक्क्यांवरून 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आले, ही सुधारणा नाकारण्याचे कारण नाही. तरीही शंभरातले एकोणचाळीस रुपये आजारी माणूस किंवा त्याचे घरचे देत असतील, तर सरकारने हात सैल सोडला आहे असे म्हणता येत नाही.

दुसरा मुद्दा कार्डाचा, आणि सगळी गोम इथेच आहे. आयुष्मान भारत योजना सप्टेंबर 2018 मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात त्याआधीच, 2012 पासून, राजीव गांधींच्या नावाने योजना होती. तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. या दोन्ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या, यादीत नमूद असलेल्या उपचारांसाठी आहेत. आमच्या शेजारच्या काकूंना रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत. त्यांनी या योजनेचे कार्ड लॅमिनेट करून देवघराच्या कप्प्यात जपून ठेवले आहे. पण महिन्याच्या शेवटी औषधाच्या दुकानात गेल्या की त्या पट्टी कात्रीने कापून पाचच गोळ्या मागतात. त्या गोळ्यांसाठी ते कार्ड चालत नाही. महापालिकेच्या दवाखान्यात केसपेपर काढला की त्या मिळू शकतात, अर्थात साठा असला तर. गोळ्या वेळेवर न घेतल्याने उद्या अर्धांगाचा झटका आला, तर मात्र तेच कार्ड कामाला येईल. झटका येऊ नये म्हणून लागणारा स्वस्त खर्च रुग्णाने करायचा आणि झटका आल्यानंतरचा महागडा खर्च सरकारने, अशी ही उफराटी रचना आहे. त्यातून दवाखानेच बंद केले, तर काकूंना उरलेला एकमेव स्वस्त रस्ताही जाईल.

शिवाय काही आजार एकेका रुग्णाचे नसतातच. 2025 च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी आणि धायरी या भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे मज्जातंतूंवर घाला घालून हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे, रुग्ण झपाट्याने वाढले, काहींना कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागले आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे वळली. तेव्हा घरोघरी जाऊन पाहणी करणारे, पाण्याचे नमुने घेणारे आणि शौचाचे नमुने राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे पोहोचवणारे लोक सरकारी यंत्रणेचे होते. विहिरीत क्लोरीन किती आहे हे पाहण्याचे कोणतेही पॅकेज कोणत्याही विमा योजनेत नसते.

स्पर्धेने दर उतरतील, या मुद्द्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. छातीत कळ आलेला माणूस चार रुग्णालयांची दरपत्रके मागवत नाही. कोणती तपासणी करायची आणि किती दिवस ठेवायचे हे विकणाराच ठरवतो. आणि पैसे देणाऱ्या यंत्रणेची नजर किती तीक्ष्ण असते म्हणाल, तर 2023 मध्ये महालेखापरीक्षकांना आयुष्मान योजनेचे सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले आढळले होते. तो क्रमांक नऊ या आकड्याच्या दहा आवृत्त्यांचा होता.

परदेशाचा दाखलाही अर्धवट आहे. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा 5 जुलै 1948 पासून प्रामुख्याने करांच्या पैशावर चालते. जर्मनीत विमा आहे, पण तिथे दर सामूहिक वाटाघाटींतून आणि नियमांनी ठरतात. थायलंडने 2002 मध्ये सर्वांसाठी योजना आणली, पण त्याआधी जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारी रुग्णालये उभी केली आणि नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची केली.

उरतो पांढऱ्या हत्तीचा आरोप, आणि त्यात तथ्य आहे. रिक्त पदे, संपलेली औषधे, बंद यंत्रे हे सगळे खरे आहे. मी स्वतः एका नातेवाइकाला एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्या सरकारी रुग्णालयात हलवले, तेव्हा सकाळीच झालेल्या रक्ताच्या तपासण्यांचा कागद दुसरीकडे बाजूला सारून त्याच तपासण्या पुन्हा लिहून देण्यात आल्या. मला त्या डॉक्टरांचा राग आला नाही, कारण दोष मुळात मांडणीत आहे. एका पुण्यातच पाहा: ससून रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, औंधचे जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, कमला नेहरू आणि नायडू महापालिकेकडे, बिबवेवाडीचे रुग्णालय कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे, लष्कर भागातले सरदार पटेल रुग्णालय कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे आणि ग्रामीण भागातली प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे. 15 ऑगस्ट 2023 पासून सरकारी उपचार मोफत झाले, पण तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांपुरता होता. औंधला लागू, ससूनला नाही. रुग्णाला मात्र सगळीकडे 'सरकारी' एवढीच पाटी दिसते.

यातले बरेच दुरुस्त होण्याजोगे आहे. तमिळनाडूने 1994 मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन केले, कोणत्या गोदामात काय उरले आहे याचा हिशेब संगणकावर ठेवला आणि प्रत्येक संस्थेला तिच्या गरजेनुसार औषधे उचलू दिली. महाराष्ट्राने आधी खरेदी हाफकिन या सरकारी औषधनिर्माण महामंडळाकडे सोपवली आणि 2023 मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला, म्हणजे जवळजवळ तीन दशकांनी.

जागा विकण्याची सूचना पुण्यात मुख्यतः ससूनकडे पाहूनच सुचली असणार, कारण स्टेशनजवळ एवढी जमीन दुसरी मिळायची नाही. तिथे रात्री दोन वाजता महामार्गावरचा बेवारस जखमी येतो, ज्याच्या खिशात कार्ड तर नसतेच, नावही नसते. तिथेच शवविच्छेदने होतात आणि तिथल्याच वॉर्डांत बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी रुग्ण तपासायला शिकतात. पुढे त्यांतलेच कित्येक जण त्या खासगी रुग्णालयांत नोकरीला लागतात. त्या जागेवर टॉवर उभा राहिला तर हे डॉक्टर कुठे घडणार, याबद्दल त्या मजकुरात एक ओळही नाही.