जखमेवर लेन्स नको, पण कोणती लेन्स?

‘बुबुळावर जखम असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स लावूच नका. ती घासते, डोळ्याची हवा तोडते, जंतू वाढवते. डोळा उघडा ठेवा. दुखायचं थांबलं की जखम भरली.’ हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. नंबरच्या रोजच्या लेन्सपुरता तो बराचसा बरोबर आहे. पण दोन आठवडे उपचार करूनही कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, वरचा पापुद्रा धरत नसेल आणि डॉक्टरांनी स्क्लेरल लेन्स सुचवली असेल, तर हाच सल्ला डोळ्यावर उठतो.

‘घासते’ हे इथे लागूच नाही. कॉर्नियाचा व्यास साधारण साडेअकरा मिलिमीटर, ही लेन्स १५ ते २० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी. ती टेकते डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, कॉर्नियावर नुसती कमान धरते. मधल्या पोकळीत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं सलाईन असतं, त्यामुळे जखम सतत ओली राहते. घासते ती पापणी. औषधाच्या रिअ‍ॅक्शनने स्टीव्हन्स-जॉन्सन (कातडी आणि डोळ्या-तोंडाचं अस्तर सोलवटणारा आजार) झालेल्यांच्या पापणीची आतली कड खरखरीत होते आणि प्रत्येक उघडझापीला नवा पापुद्रा खरवडते.

हवेचं म्हणणं अर्धं खरं. १८८०च्या दशकात जर्मन नेत्रतज्ज्ञ आडोल्फ फिक यांनी काचेची लेन्स केली, ती जेमतेम काही तास सोसायची. आताचं प्लास्टिक ऑक्सिजन आत सोडतं, तरी उघड्या डोळ्याइतका नाही. झोपेत तर आणखी कमी. म्हणून कॉर्नियाला सूज आली का, हे वारंवार बघावं लागतं.

जंतूंचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेऊ नका. २००० साली बोस्टनच्या डॉक्टरांनी हट्टी जखमांच्या १४ डोळ्यांवर ही लेन्स रात्रंदिवस ठेवली. ८ जखमा भरल्या, पण ४ डोळ्यांत जंतुसंसर्ग झाला. चौदात चार! पुढे लेन्समधल्या पाण्यात अँटिबायोटिकचा थेंब घालायची पद्धत आली आणि २०१३च्या अहवालात २० पैकी १७ डोळे भरले. लेन्स रोज काढून, धुऊन, ताज्या सलाईनने भरायची. नळाचं पाणी अजिबात नाही. जखमेत आधीच संसर्ग असेल तर तो आधी आटोक्यात आणायचा. जखम भरली की रात्रीची लेन्स बंद.

मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ शेवटची: ‘दुखायचं थांबलं की जखम भरली.’ कपाळावर, डोळ्याभोवती नागीण उठून गेली की कॉर्नियाची नस बधिर होऊ शकते. जुन्या मधुमेहातही होते. मग जखम असूनही दुखत नाही. वर हीच नस पापुद्र्याला पोसते, त्यामुळे भरणंही रेंगाळतं, आणि दुर्लक्ष झालं तर कॉर्निया विरघळून भोक पडतं. अशा डोळ्याला ‘दुखतंय का?’ विचारून काही कळत नाही. डोळ्यात हिरवा-पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघितलं, तरच जखम दिसते.

लेन्स हा एकच मार्ग नाही. पापणी काही दिवस शिवून ठेवणं, रुग्णाच्याच रक्तातल्या सीरमचे थेंब, जखमेवर गर्भवेष्टनाचा (गर्भाभोवतीच्या पिशवीचा) पातळ पडदा लावणं हेही आहेत. आपल्याकडे हैदराबाद आणि चेन्नईच्या मोठ्या नेत्र रुग्णालयांत ही लेन्स मापाने बसवून देतात. त्यासाठी दोन-चार खेपा धरूनच निघा.