नाणेघाट खालून चढा

नाणेघाटाला जाणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे, एकदा तरी तो खालून चढा. जुन्नरहून घाटघरमार्गे गाडी थेट कड्याजवळ पोचते. पावसाळ्यात वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा बघायचा, फोटो काढायचे आणि तासाभरात परत. मीही तीनदा असंच केलंय, म्हणून हक्काने सांगतेय. यंदा दिवाळीनंतर मात्र बाबांना घेऊन मुरबाडच्या पुढे वैशाखऱ्याजवळ उतरले आणि पायी निघालो.

आधी झाडीतली वाट, मग खडा चढ, शेवटी दगडी पायऱ्या. कित्येक पायऱ्या मधोमध झिजून गुळगुळीत झाल्यात. बाबांचं वय ६७. वीस-पंचवीस पावलांवर ते थांबायचे, पाणी प्यायचे, पुन्हा चालायचे. आणि आता बसल्याशिवाय पुढचं पाऊल पडणारच नाही, असं वाटायला लागलं, तेवढ्यात लेणं समोर आलं. वरून चार पायऱ्या उतरून आल्यावर ही जागा अशी का, हे मला कधी कळलंच नव्हतं.

सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला आणि तिथून पैठणला जायचा. ओझी वाहणारी माणसं, जनावरं, व्यापारी, सगळे इथे दम खायला टेकत असणार. सातवाहनांनी आपल्या घराण्याची ओळख कोरायला नेमकी ही जागा निवडली. भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत राणी नागनिकेचा लेख आहे, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मानतात. अश्वमेध, राजसूय आणि इतर यज्ञ, त्यांत दक्षिणा दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण म्हणजे त्या काळची नाणी यांची मोजदाद. हे आकडे भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव आकड्यांपैकी आहेत. शून्य नाही, दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. बाबा आयुष्यभर गणित शिकवत आले, ते त्या भिंतीपुढून हलेनात.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता जेमतेम पावलांच्या खुणा उरल्यात आणि वर नावं : सातवाहन घराण्याचा संस्थापक सिमुक, नायनिका (म्हणजेच नागनिका) आणि सातकर्णी, कुमार, आणि एक ‘महारठि’, म्हणजे त्या काळचा सरदारकीचा किताब. तो शब्द अक्षर-अक्षर लावत वाचला तेव्हा अंगावर काटा आला. मूर्ती गेल्या, नावं राहिली. त्याच भिंतींवर कुणी खिळ्याने आपलं आणि मैत्रिणीचं नाव ओरखडतं, ते बघून पोटात तुटतं. दोन हजार वर्षं पाऊस-वारा सोसून टिकलेलं अक्षर आपल्या हयातीत जाऊ नये, एवढंच मनापासून वाटतं.

खिंडीतून वर आलं की तो मोठा दगडी रांजण. जकातीची नाणी यात टाकत, असं सगळेच सांगतात. डाव्या हाताला नानाचा अंगठा हा कडा, समोर जीवधन किल्ला आणि त्याला खेटून वानरलिंगीचा सुळका. भात कापून झालेली खाचरं, कडेला हिरड्याची झाडं. या पट्ट्यातल्या महादेव कोळी कुटुंबांना बाळहिरड्याचा मोठा आधार असतो. लेण्याची माहिती देणारे खूप भेटतात, या माणसांबद्दल कुणी बोलत नाही. मला वाटतं, इथे आल्यावर निदान एक जेवण गावातल्या घरात जेवावं.

आम्ही जेवलो. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. वाढणाऱ्या आजींना बाबांनी विचारलं, “घाट कधी उतरलात का?”

“उतरले न्हाई, चढून आले,” आजी म्हणाल्या. “माहेर खालचं माझं. लगीन झालं तवा ह्याच वाटंनं वर आले, वऱ्हाडासंगं. आई म्हातारी झाली तवा सुकट-मीठ घिऊन हितवर यायची, त्या लेण्यात बसायची, मी खाली जायची भेटायला.”

जेवण झाल्यावर त्या आम्हाला कड्यापर्यंत सोडायला आल्या. हवा स्वच्छ होती. खाली दूरवर एका वस्तीचे पत्रे उन्हात चमकत होते. आजींनी बोट दाखवलं आणि बराच वेळ तिकडेच बघत राहिल्या.