वारंवारिता घटली म्हणजे तडा गेला, असे नव्हे
पुलावर त्वरणमापक (कंपने टिपणारे उपकरण) बसवून पुलाची नैसर्गिक वारंवारिता (तो आपणहून सेकंदाला किती वेळा कंप पावतो ती संख्या) सतत मोजत राहिल्यास, ती घटताच आतील बिघाड लक्षात येतो, असे पुलांच्या देखरेखीवरील लेखात म्हटले आहे. तत्त्व म्हणून ते बरोबर आहे. परंतु वारंवारिता ही ताठरतेला (वाकण्यास होणाऱ्या विरोधाला) वस्तुमानाने भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे, ताठरता 2 टक्के घटली तरी वारंवारितेत फरक पडतो तो जेमतेम 1 टक्क्याचा, आणि एवढा फरक तर नुसत्या तापमानामुळेही पडू शकतो. स्वित्झर्लंडमधील झेड-24 हा पूल पाडण्यापूर्वी 1997-98 मध्ये जवळजवळ वर्षभर निरीक्षणाखाली होता. कडाक्याच्या थंडीत त्यावरील डांबराचा थर गोठून ताठर झाला आणि पुलाच्या वारंवारिता चक्क वाढल्या! अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधील आय-40 महामार्गाच्या पुलावर 1993 साली एक पोलादी तुळई टप्प्याटप्प्याने मुद्दाम कापण्यात आली, तेव्हा शेवटचा, सर्वांत खोल काप देईपर्यंत वारंवारितेत ठळक घट दिसलीच नाही.

म्हणून तापमानाच्या नोंदी सोबत ठेवून त्यांचा परिणाम आधी वजा करणे, आणि वारंवारितेपेक्षा कंपनरूपाच्या (कंप पावताना पूल जो आकार घेतो त्याच्या) वक्रतेकडे अधिक लक्ष देणे मला योग्य वाटते, कारण तडा गेलेल्या जागी वक्रता स्थानिक पातळीवर वाढते व बिघाडाची जागाही कळू शकते. अर्थात त्यासाठी संवेदक दाटीने बसवावे लागतात, आणि वक्रता काढताना मोजणीतला गोंगाटही (अनियमित चुका) वाढतो. लेखात या खर्चाचा उल्लेखच नाही.