इथेच पाणी मुरतंय

वापरलेला कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, विकणारा माणूस आधी पडदे दाखवतो. मग गाद्या दाखवतो, शेगडी पेटवतो, घडीचं टेबल तीनदा उघडून मिटवतो. मी 'खालून बघतो जरा' म्हटलं की त्याचा चेहरा असा होतो, जणू मी त्याचं बँकेचं पासबुकच मागितलं. 'खाली काय बघायचंय? खाली चाकं आहेत!'

चाकं आहेत, मान्य. पण चाकांवरची लाकडी जमीन पाण्यानं कुजलीय का, तेही तिथूनच कळतं. 'कुठेतरी पाणी मुरतंय' हे वाक्य पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघालं, तो माणूस तेव्हा ट्रेलरखाली उताणा पडलेला असणार, अशी माझी पक्की खात्री आहे.

उताणं पडण्याआधी थोडी जिवाची काळजी. ट्रेलर सपाट, कडक जमिनीवर हवा, ओढणाऱ्या गाडीला जोडलेला हवा आणि दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे हवेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रेलरखाली शिरायचं नाही. ट्रेलरच्या पोलादी चौकटीखाली जॅक स्टँड, म्हणजे वजन पेलणारे पक्के टेकू, लागतातच. कोपऱ्यांतले चार पाय ट्रेलर डुलू नये म्हणून असतात, वजन पेलायला नव्हे. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क लावा, कारण गंजाचा पहिला पोपडा नेमका डोळ्यात पडतो. सोबत टॉर्च, स्क्रू-ड्रायव्हर, टोच्या आणि आर्द्रतामापक घ्या. जुने कपडे घाला, असं सगळे सांगतात. मी म्हणतो, ज्यांचा मोह उरलेला नाही असे घाला.

खाली गेल्यावर बऱ्याच ट्रेलरांच्या जमिनीचं लाकूड दिसतच नाही. दिसतो तो काळा पन्हळी प्लॅस्टिकचा पत्रा किंवा काळं विणलेलं कापड. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती हीच. रस्त्यावरचं पाणी वर जाऊ नये म्हणून हे आवरण लावलेलं असतं, पण वरून गळालेलं पाणीही ते तितक्याच निष्ठेनं धरून ठेवतं. म्हणून आधी आवरणाला पोट सुटलंय का ते बघायचं. लोंबणारा भाग तळहातानं हळूच वर दाबा. खळखळ ऐकू आली किंवा ओल्या गोधडीसारखा जडपणा लागला, तर आत इन्सुलेशन (ऊन-थंडी अडवणारा थर) भिजलेलं आहे. चिकटपट्टीची ठिगळं मोजा. प्रत्येक ठिगळामागे एक दुरुस्ती असते, आणि ती कशाची होती हे विकणाऱ्याला कधीच आठवत नाही. परवानगी घेऊन एका कोपऱ्यातले चार-पाच स्क्रू काढून आत डोकवा. परवानगी मिळाली नाही, तर तेही उत्तरच.

लाकूड हाताशी आलं की टोच्या. निरोगी लाकडात तो जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातो आणि उचकटलं तर लांब चिरफळी निघते. कुजक्या लाकडात तो निमूट आत शिरतो आणि भुगा घेऊन बाहेर येतो. लाकडी चिपांच्या दाबीव फळीची कड आधी फुगते आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. आज कोरडी असलेली ही फळी कालची चुगली करते. स्क्रूभोवतीची काळी वर्तुळंही तेच सांगतात.

मापकाचा आकडा लाकडात १५ टक्क्यांच्या खाली असेल तर निश्चिंत. १५ ते २० म्हणजे संशय, आणि २० च्या वर बुरशीला आमंत्रण. मात्र लाकडात सुया न टोचता नुसतं टेकवून मोजणारं बिनसुईचं यंत्र पोलादी चौकटीजवळ वाटेल ते आकडे फेकतं. तिथे सुयांचंच वापरा, आणि एकाच जागेवर विश्वास न ठेवता कोरड्या मधल्या भागाशी तुलना करा.

जास्त वेळ द्यायचा तो कडांना. छपराच्या सांध्यातून शिरलेलं पाणी भिंतीतून उतरतं आणि कोपऱ्यात जमिनीच्या कडेला येऊन थांबतं. मग चाकांच्या वरचे कोनाडे, कारण टायर तिथे सतत पाणी उडवतो. दाराचा उंबरठा, न्हाणीचा तळ, पाण्याच्या टाकीचे पट्टे आणि नळ्या जिथून वर जातात ती भोकंही तपासा.

टाकी भरून पंप चालू करा, सगळे नळ बंद ठेवा. पंप थांबून गप्प राहिला पाहिजे. दर दोन-चार मिनिटांनी त्याला उचकी लागत असेल, तर बहुधा कुठेतरी गळती आहे. क्वचित पंपाचीच झडप सैल असते. पंप चालू असतानाच पुन्हा खाली जाऊन बघा.

चौकटीवरचा वरवरचा तांबूस गंज मला घाबरवत नाही. हातोडीच्या टोकानं ठोकल्यावर थर सुटत असतील, किंवा खणखण ऐवजी भद्द असा आवाज आला, तर घाबरावं. आणि सगळा तळ कालच फवारल्यासारखा काळाकुळकुळीत चमकत असेल, तर त्याहून जास्त. इतक्या जुन्या वस्तूला अचानक नटायची हौस का यावी?

विकणारा शेवटी म्हणतो, 'प्लायवूडचा एक तुकडा बसवला की झालं.' पण बहुतेक ट्रेलरांत भिंती आणि कपाटं त्याच जमिनीवर उभी असतात. कडेचा तुकडा बदलायचा तर आधी कपाट काढा, आतलं अस्तर उचकटा, भिंतीला टेकू द्या. तो तुकडा त्यालाच आधी बसवून द्यायला सांगावा.